बँकेतल्या बाटल्या

६ नोव्हेंबर, कलकत्ता

दादानं आज ही डायरी दिली. कोण्या औषध कंपनीची आहे, मागच्या वर्षीची, पण पानं कोरी आहेत. छापलेल्या तारखा खोडून मी माझ्या टाकून राहिलो. दादा म्हणजे अनिर्बाण दादा, आमच्या बारचा मोठा माणूस. त्याचं म्हणणं, रोज पाच बाटल्यांची नावं लिही, कुठली, कशाची, कोणत्या ग्लासात ओतायची. इंग्रजीत लिही म्हणाला. मी नववीत शाळा सोडली, अन् इंग्रजी त्याच्या आधीच सुटलं होतं. म्हणून मराठीत लिहून राहिलो. दादाला मराठी वाचता येत नाही, त बाटल्यांच्या मधात दुसरं काही लिहिलं तरी चालते.

हे हॉटेल म्हणजे इंग्रजांच्या वेळची बँक. समोरचे खांब असे का दोन माणसांनी हात धरले तरी कवेत मावत नाहीत. आत छत इतकं उंच, आमच्या गोंदियाच्या राईस मिलचं धुराडं आत उभं करता येईन. जिथं कॅशियर पितळेच्या जाळीमागं बसत होते, तिथं आता दोन-दोन माणसं बसून जेवतात. त्या जाळीतल्या जागेसाठी आठ-आठ दिवस आधी फोन येतात. खाण्याची यादी पासबुकासारखी बनवली आहे. मोठ्या साहेबाची केबिन आहे तशीच ठेवली, लाकडाची. तिथं वाढदिवस होतात.

भात गोविंदभोगचा असते. वास चांगला आहे. आमच्या चिन्नोरसारखा नाही, पण लोकं डोळे मिटून वास घेतात.

मी आधी ग्लास धुत होतो, मंग टेबलं उचलत होतो, आता दोन महिन्यांपासून दादाच्या हाताखाली आहे. सुरत, रायपूर, हैदराबाद करून झालं. कुठंच सहा महिन्यांच्या वर बूड टेकलं नाही. इथं वर्ष होऊन राहिलं. काऊन टिकलो, मलाच समजत नाही.

आजच्या पाच बाटल्या उद्या लिहीन.

११ नोव्हेंबर

तळघरात तिजोरीची खोली आहे. दरवाजा एक हात जाड, लोखंडाचा, पण एका बोटानं ढकलला तर सरकते. आत भिंतभर लॉकर आहेत. पहिले त्यात लोकांचं सोनं राहत असन. आता मालक तिथं वेगळा बार काढून राहिला. लॉकर भाड्यानं देणार. गिऱ्हाइकानं आपली महागाची बाटली लॉकरात ठेवायची, चाबी खिशात, आला का काढायची अन् आम्ही ओतून द्यायची.

दादा म्हणाला, "उधर काउंटर पे दो आदमी खड़ा होगा. एक मैं. दूसरा तुम, अगर हाथ नहीं काँपेगा."

रातभर झोप नाही.

१६ नोव्हेंबर

मायचा फोन. धान कापून झालं, चुरणं चालू आहे. बाबूजीची कंबर धरली. माझ्या लहान बहिणीची, रुचिची, परीक्षा जानेवारीत. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "आमी बाटली आडवी करून राहिलो."

आमच्या बोडीटोल्यात, बिरसीच्या पुढं, देशी दारूचं दुकान आहे. ईश्वरदासचं. पहिले गावाच्या बाहेर होतं, दोन वर्षांपासून वळणावर आणलं, जिथून बायका धानाच्या रोवण्याहून घरी येतात. संध्याकाळी तिथून निघायची सोय नाही. म्हणून बायकांनी अर्ज केला. आता सरकारी माणसं येऊन मत घेतील, फक्त बायकांचं. कागदावर दोन बाटल्या राहतात, एक उभी अन् एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या. आडवीवर म्हणजे बंद. यादीत जेवढ्या बायका आहेत त्याच्या अर्ध्याहून जास्त आडव्या पाहिजेत. मत द्यायला आली नाही ती बाई उभ्या बाटलीकडंच मोजली गेल्यासारखी.

अन् या बायकांची पुढारी कोण, त आमची माय.

"तू अन् पुढारी?" मी म्हणालो.

"काऊन, मले तोंड नाही का?"

मी हसलो अन् विषय बदलला. घरी मी हॉटेलात आहे एवढंच सांगितलं आहे. जुन्या बँकेत मोठं हॉटेल, सायबांचं जेवण, एवढंच. ते खोटं नाही.

२१ नोव्हेंबर

तिजोरीचा बार १४ डिसेंबरला उघडणार. मालकाचे पावणे, कोणी सिनेमावाले, सगळे येणार. दादानं मला काळा कोट शिवायला माप द्यायला लावलं. शिंपी म्हणाला खांदे चांगले आहेत. धानाचे भारे उचलून झाले आहेत म्हटलं.

आज हात थरथरला नाही. तीनदा ओतलं, तिन्ही वेळा बरोबर.

२४ नोव्हेंबर

रुचिचा फोन आला. दुपारी, मी लिंबं कापून राहिलो होतो. पहिले रडली, मंग हसली, मंग पुन्हा रडली. जे झालं ते असं.

पोळ्याला मी घरी गेलो तेव्हा सहा रिकाम्या बाटल्या नेल्या होत्या. इथं गिऱ्हाइकं एवढ्या सुंदर बाटल्या रिकाम्या करतात, अन् त्या पोत्यात भरून भंगारात जातात. जाड काच, एक चौकोनी, एक निळी, एकीवर हरणाचं डोकं उठवलेलं. मला पाहवत नव्हतं. गरम पाण्यानं लेबलं काढली, घासल्या, अन् नेल्या. आमच्याकडं कोणाच्या घरी चांगली बाटली वाया जात नाही. मायनं त्यात जवसाचं तेल भरलं.

आता बायकांना मत कसं द्यायचं ते शिकवायला सभा झाली, शाळेच्या पटांगणात. मायला दोन बाटल्या पाहिजे होत्या, एक उभी ठेवायला अन् एक आडवी. तिनं घरातल्या उचलल्या. निळी उभी ठेवली. हरणाची आडवी.

ईश्वरदास पलीकडं पानठेल्यावर उभा होता. तो धंद्यातला माणूस. लेबल नसलं म्हणून काय झालं. आला, आडवी बाटली हातात घेतली, उलटी केली, बूड पाहिलं, अन् सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "रामबाई, हे त विलायती आहे. गोंदियात भेटत नाही. तुमच्या घरी हे पेतेत, अन् गरिबाची देशी बंद करून राहिल्या?"

माय म्हणाली पोरानं आणल्या. तो म्हणाला पोरगा कुठं आहे. माय म्हणाली कलकत्त्याले, जुन्या बँकेतल्या हॉटेलात. मंग त्याचा पोरगा हिमांशू, त्यानं तिथंच उभ्याउभ्या मोबाईलवर आमच्या हॉटेलचं नाव काढलं. त्यातल्या फोटोत मी आहे. दादाच्या बाजूला, हातात ग्लास घेऊन हसून राहिलो.

"सगळ्यांनं पाहलं रे," रुचि म्हणाली. "मोबाईल हातोहात फिरला. मंदाबाईनं त चष्मा आनून पाहला."

"माय काय म्हणाली?"

"बाटल्या पदरात घेतल्या अन् घरी आली."

लिंबं राहिली. दादा ओरडला.

२५ नोव्हेंबर

फोन केला नाही.

२८ नोव्हेंबर

आज केला. मी बोलायच्या आधीच माय म्हणाली, "दिवसभर उभा राहतो का तिथं?"

"हो."

"बूट घालून का चप्पल?"

"बूट."

"पाय सुजतेत?"

"नाही."

"जेवते कधी?"

मी सांगितलं, चार वाजता एकदा अन् गिऱ्हाइकं गेल्यावर एकदा. ती म्हणाली उपाशी पोटी त्या वासात उभं राहत जाऊ नको. मंग म्हणाली, "तू तुयं काम कर," अन् ठेवला.

दारूचा शब्द काढला नाही. लय राग आला असन, म्हणूनच बुटाचं अन् जेवणाचं बोलली. माय रागात असली का असंच इकडचं तिकडचं बोलते.

२ डिसेंबर

रुचि म्हणते मतदान १४ डिसेंबरला ठरलं. दवंडी झाली. ईश्वरदासची माणसं घरोघरी सांगून राहिली का रामबाईच्या पोराचा कलकत्त्याला बार आहे, आता ती इथलं दुकान बंद करून आपल्या पोराचं उघडणार. अर्ध्या बायका हसतात, अर्ध्या विचारात पडल्या.

१४ डिसेंबर. नेमका तोच दिवस.

५ डिसेंबर

दादाला सांगितलं का घरी काम आहे, जावं लागते. त्यानं विचारलं कोण मेलं का. मी नाही म्हणालो. लग्न? नाही. मंग काय? मी सांगायला गेलो, माझी माय दारूचं दुकान बंद करून राहिली अन् माझ्यामुळं ते होत नाही, म्हणून मला जाऊन सांगायचं आहे. काय सांगायचं आहे ते मलाच माहीत नव्हतं. हिंदीत ते अजूनच येडपट वाटलं.

दादानं ऐकून घेतलं. म्हणाला, "जाओ. लेकिन चौदह को वहाँ कोई और खड़ा होगा, और जो खड़ा होगा वो फिर हटेगा नहीं. समझे?"

समजलं. काळा कोट शिंप्याकडून आणला होता. दादाच्या खुर्चीवर ठेवला.

११ डिसेंबर, बोडीटोला

गाडी तीन तास लेट. गोंदियाहून ऑटोनं आलो. वळणावर उतरलो त समोर ईश्वरदासच. दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता.

"या या खुमेंद्र भाऊ! आमच्या लाईनीतला मानूस आला." चार जण होते तिथं, हसले. मला बाकावर बसवलं. चहा मागवला. "तिथं दिवसाले किती पेट्या जातेत गा?"

मी म्हणालो पेट्या नाही जात, लोकं एक-एक, दोन-दोन घेतात.

"एक-एक घेऊन एवढी मोठी बँक चालते?" तो खरंच विचारून राहिला होता. मंग जवळ सरकून म्हणाला, "पाय, तुयी माय हुशार आहे. पन हे दुकान बंद झालं त लोकं बिरसी फाट्यावर जातीन. येता-येता गाडीखाली मरतीन. ते कोनाच्या मानगुटीवर? तिले समजाव. तू यातला आहे, तुयं ऐकन."

चहा पिल्ला. नाही म्हणायला पाहिजे होतं. पण रातभर गाडीत उभा होतो.

घरी गेलो त माय अंगणात धान वाळवत होती. मला पाहून हातातलं फावडं ठेवलं नाही.

"कायले आला?"

"तुझ्यासाठी."

"मीनं बोलावलं का? चौदाले तुयं तिथं काही होतं ना? रुचिनं सांगतलं, कोट शिवला म्हनून."

"ते गेलं."

ती धान पसरवत राहिली. मंग म्हणाली, "अन् ईश्वरदासचा चहा पेऊन आला."

गावात माझ्या आधी चहाची बातमी पोचली होती.

बाबूजी खाटेवर होते, कंबरेला शेक घेऊन. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं थंडी कशी आहे?"

संध्याकाळी मी मायला म्हणालो, मी तुला सांगितलं नव्हतं का बारमध्ये आहे, चुकलं. ती भाकरी थापून राहिली होती. म्हणाली, "बाटलीले वास येत नाही का? पोळ्यालेच समजलं. तीनदा धुतल्या तरी तेलाले तीन दिवस वास होता."

"मंग सभेत त्याच कायले नेल्या?"

"त मंग कोनाच्या नेऊ? आख्ख्या गावात दुसऱ्या चांगल्या बाटल्या आहेत का? देशीच्या एवढ्याशा पावट्या ठेवल्या असत्या त मांगच्या बायकाईले दिसल्या नसत्या."

मला वाटलं हे ती मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिली.

१२ डिसेंबर

आज शेवटची सभा होती. मी जाणार नव्हतो. मंदाबाई स्वतः घ्यायला आली. मंदाबाई म्हणजे रोवण्याच्या टोळीची मोठी, सत्तरीची असन, आवाज असा का चार बांध्यांपलीकडून ऐकू येते. म्हणाली, "चाल रे पोट्ट्या. बायकाईले तुले पाहाचं आहे."

पटांगण भरलं होतं. बायका जमिनीवर, पलीकडं पानठेल्यावर पुरुष, त्यात ईश्वरदास अन् हिमांशू. वरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांचं विमान घिरट्या घालून राहिलं होतं. ते डोक्यावर आलं का सगळे गप, गेलं का पुन्हा चालू. मायनं मला समोर उभं केलं अन् स्वतः खाली जाऊन बसली. मला वाटलं ती माझी बाजू घेऊन दोन शब्द बोलेन. तिनं बाटल्यांची पिशवी मांडीवर घेतली.

मंदाबाईनंच सुरू केलं. "हं, सांग आता. बँकेत दारू देतेत म्हनते, खरं का?"

"जुनी बँक आहे. आता बँक नाही."

"मंग पैसे कुठं ठेवतेत?"

"पैसे तिथंच राहतात, मालकाचे," मी म्हणालो. बायका हसल्या.

मागून एक बाई बोलली, "बसाले खुर्च्या आहेत?"

"गादीच्या आहेत."

"पाय बाप्पा! आमाले बचत गटाच्या पैशासाठी बँकेत दिवसभर फरशीवर बसवतेत, अन् तिथं पेनाऱ्याले गादी!"

आता जास्त हसल्या. कोणी विचारलं बायका पितात का. मी हो म्हणालो. सोताच्या पैशानं? हो. नवरा काही म्हणत नाही? मी म्हणालो नवरा बाजूलाच बसलेला असते. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "मंग बरं आहे, घरी कोन कोनाले उचलून आनते याचं त भांडण नाही." इतका गोंधळ झाला का मायनं हात वर करून थांबवलं.

मंदाबाई नाही हसली. ती म्हणाली, "असं सांग, एखाद्याले जास्त झाली त तुमी काय करता?"

मी दादानं जे शिकवलं ते सांगितलं. माणसाची जीभ वळली, का ग्लास टेबलावर ठेवताना आवाज झाला, का तो एकच गोष्ट दोनदा सांगू लागला, त मंग ओतायचं बंद. पुढं पाणी ठेवायचं. मागितली तरी द्यायची नाही. पाणी, मंग थोडं खायला, मंग गाडी बोलवायची.

"पानी देता?"

"हो."

"फुकट?"

"हो."

मंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. पानठेल्याकडं वळली. "ईश्वरदास! ऐकलं का? पोरगा म्हनते जीभ वळली का तिथं दारू बंद, पानी देतेत. तू वीस वर्स झाले दुकान चालवून राहिला. कोनाले पानी देल्लं, एकाचं नाव सांग."

ईश्वरदास म्हणाला, "माझं दुकान लायसनचं आहे बाई."

"लायसन नाही विचारलं. नाव विचारलं."

विमान पुन्हा वरून गेलं. ते जाईपर्यंत सगळ्या त्याच्याकडं पाहत राहिल्या. तो म्हणाला, "पान्याचे पाऊच आहेत ना दुकानात. दोन रुपयाले."

मला वाटलं आता हशा होईन. कोणीच हसलं नाही. एका बाईनं पदर झटकला अन् उठली, तिच्या मागं दुसरी, अन् सभा तशीच संपली. मायनं शिकवायच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या. मी सगळं बिघडवलं. शेवटची सभा होती, आडवी-उभी पुन्हा एकदा सांगायची होती, अन् माझ्या त्या पाण्याच्या गोष्टीमुळं बायका उठून गेल्या.

अन् एक मी सांगितलं बी नाही. ज्यांचे लॉकर राहणार, त्यांना कोणी पाणी देणार नाही. दादानं तेबी शिकवलं आहे. लॉकरवाल्यानं मागितली का द्यायची, कितीही होवो.

१३ डिसेंबर

ते मला राहवलं नाही. सकाळी मायला सांगितलं, मी काल पुरं सांगितलं नाही, मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही पण पाणी देत नाही.

ती शेण सारवत होती. म्हणाली, "मले मालूम आहे. पैशेवाल्याले कोन पानी देते?"

"मंग मी खोटं बोललो ना."

"गरिबाले देता ना? तेवढंच बोलला तू. आमच्यात लॉकरवाला कोन आहे?"

दिवसभर बाहेरगावचे जावई अन् लेकी येऊन राहिल्या. ज्यांची नावं अजून इथल्या यादीत आहेत, त्यांना रुचि अन् तिच्या मैत्रिणींनी फोन करून बोलावलं. नागपूरहून दोघी आल्या, एक तिरोड्याहून बाळ घेऊन.

१४ डिसेंबर

शाळेत मतदान. पुरुषांना शंभर मीटरच्या आत येऊ दिलं नाही. मी बाबूजीसोबत घरीच. त्यांनी मला कंबर चोळायला लावली. म्हणाले हात चांगला झाला तुझा, आधी दगडासारखा होता.

दुपारी जेवण जात नव्हतं. कलकत्त्याला आता माणसं तिजोरीत फुलं लावत असतील. माझ्या जागेवर कोण असन? दोनदा मोबाईल हातात घेतला, ठेवला.

पाच वाजता मोजणी. आम्ही वळणावर उभे होतो, ईश्वरदासच्या दुकानासमोर, कारण दुसरी जागाच नाही उभं राहायला. दुकान आज बंद होतं, शटर खाली. ईश्वरदास शटरला टेकून. साडेसहाला शाळेकडून पहिले एकच आवाज आला, मंदाबाईचा, मंग सगळ्यांचा.

आडवी. अर्ध्याच्या वर सतरा.

बायका इकडंच आल्या, गुलाल घेऊन. मायच्या कपाळावर, केसांत, सगळीकडं गुलाल. मी पुढं झालो त ती म्हणाली, "तू घरी जा. तुयं इथं काम नाही." मी गेलो. घरी येऊन दार लावलं अन् बाहेरचा आवाज ऐकत बसलो. मला अजून बी माफी नाही म्हणजे.

रुचि मंग आली. म्हणाली, माय मिरवणुकीत सगळ्याईले सांगून राहिली का पोरगा कामावर खाडा करून आला. दोनदा सांगतलं. मी म्हणालो ते रागानं सांगत असन. रुचि माझ्याकडं पाहत राहिली अन् म्हणाली, "तू खरंच नववीपर्यंतच शिकला."

१६ डिसेंबर

काल सरकारी माणसांनी येऊन दुकानाला सील लावलं. ईश्वरदास तिथं नव्हता.

आज सकाळी तो आमच्या घरी आला. मागं हिमांशू. मी उठून उभा राहिलो, मला वाटलं भांडण होते. बाबूजी खाटेवर उठून बसले. ईश्वरदासनं चप्पल बाहेर काढली, अन् छपरीत येऊन बसला. मायनं पाणी दिलं. त्यानं ते पिल्लं.

"बिसनलाल भाऊ, कंबर कशी आहे?"

"बरी आहे जी."

मंग बराच वेळ धानाचं बोलणं झालं. कोणत्या मिलनं काय भाव दिला. हिमांशू दाराशी, खाली मान घालून. माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे, शाळेत एका बाकावर बसलो आहोत. शेवटी ईश्वरदास मला म्हणाला, "भाऊ, तुया त्या बँकेत एखादा पोरगा लागते का? याले दुकानातलं सगळं येते. बाटली पाहून सांगते."

मी मायकडं पाहिलं. मला वाटलं ती म्हणेन, चाल उठ. काल-परवापर्यंत हाच गावभर काय-काय बोलत होता.

माय चहात साखर टाकून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "घेऊन जा ना. इथं रिकामा बसला त पेयाले शिकन."

"माय, पण तो..."

"दुकान बंद केलं. पोट नाही बंद केलं कोनाचं."

ईश्वरदासनं बशी दोन्ही हातांनी धरून चहा पिल्ला. जाताना मायला हात जोडले, असे का कोणाला दिसू नये.

मी दादाला फोन केला. त्यानं पहिल्या वाक्यात शिवी दिली. तिजोरीत आता दुसरा पोरगा आहे, तो हटणार नाही, ही आठवण करून दिली. धुण्यावर जागा आहे म्हणाला, ग्लासच्या. मी म्हणालो दोन जागा आहेत का. तो म्हणाला, "तुम पागल हो क्या?" म्हणजे आहेत.

मायनं डब्यात भाकऱ्या अन् लाखोळीचं पिठलं दिलं, दोघांपुरतं. स्टेशनवर आली नाही. वळणापर्यंत आली. म्हणाली, "बूट एक नंबर मोठे घेत जा. पाय सुजले का चावत नाही."

१७ डिसेंबर, कलकत्ता

गाडीत हिमांशू रातभर खिडकीला डोकं टेकून होता. सकाळी खडगपूरला चहा घेतला तेव्हा विचारलं, "तिथं पयले काय करा लागते?" मी म्हणालो ग्लास धुवायचे, पकडायचे खालून, काठाला बोट लावायचं नाही. तो म्हणाला, "आमी त काठालेच पकडत होतो."

तीन वाजता हॉटेलात पोचलो. आत जेवणं संपत आली होती, जाळीत एक जोडपं अजून बसलं होतं. हिमांशू दारातच थांबला. मान वर करून छत पाहत राहिला, तोंड उघडं. मी त्याला धरून आत आणलं.

दादा काउंटरमागं होता. त्यानं पहिले माझ्याकडं पाहिलंच नाही. मंग म्हणाला, "ये कौन?"

"गाँव का है."

"काम क्या करता था?"

"बाप की दुकान पे बैठता था."

"काहे की दुकान?"

"दारू की. बंद हो गई."

दादानं ग्लास पुसणं थांबवलं. "किसने बंद की?"

मी म्हणालो, "मेरी माँ ने."

दादानं माझ्याकडं पाहिलं, मंग हिमांशूकडं, मंग पुन्हा माझ्याकडं. हिमांशू छताकडं पाहून राहिला होता. दादा खाली वाकला अन् दोन ॲप्रन काढून दिले.